‘कसे आहात?’ विचारायची चोरी

१९८८ सालच्या सप्टेंबरात जपानी टीव्हीवर एका नव्या मोटारीची जाहिरात लागायची. निसान कंपनीची ‘सेफिरो’. त्यात इनोउए योसुई हा लोकप्रिय गायक गाडीच्या खिडकीची काच खाली करून बघणाऱ्यांना विचारायचा, ‘काय मंडळी, बरे आहात ना?’ पुढे जाहिरात तीच राहिली, काच तशीच खाली जात राहिली, गायकाचे ओठही हलत राहिले. आवाज मात्र काढून टाकलेला.

असा कायदा नव्हता. सरकारचा हुकूमही नव्हता. ८७ वर्षांचे सम्राट हिरोहितो राजवाड्यात अत्यवस्थ होते, आणि अशा वेळी अख्ख्या देशाला ‘बरे आहात ना’ म्हणून विचारणं शोभत नाही, असं कुणाला तरी वाटलं. पुढचे साडेतीन महिने जपानमध्ये रोज असंच कुणाला तरी काहीतरी वाटत राहिलं आणि एकेक आवाज बंद होत गेला.

म्हातारा राजा आजारी पडल्याची बातमी आली की लोक काय करतात, का करतात आणि त्याचे परिणाम कुणाला भोगावे लागतात, हे समजून घ्यायचं तर या १११ दिवसांइतकं बोलकं उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही. शिवाय या गोष्टीला एक शेपूट आहे. वडिलांच्या आजारपणात देशाचं काय झालं हे युवराज जवळून बघत होते, आणि अठ्ठावीस वर्षांनी त्यांनी त्यावर उपाय काढला. त्याकडे शेवटी येऊ.

सत्ता नाही, मग ताप का मोजायचा?

१९४७ पासून लागू असलेल्या जपानी राज्यघटनेनुसार सम्राटाला राज्यकारभाराचा कोणताही अधिकार नाही. तो देशाचं आणि लोकांच्या एकतेचं प्रतीक आहे, बस्स. संसदेने ठरवलेल्या पंतप्रधानाची नेमणूक करायची, कायदे जारी करायचे, अधिवेशन बोलवायचं; यातलं काहीही स्वतःच्या मर्जीने नाही. हिरोहितो अंथरुणाला खिळले तेव्हा २२ सप्टेंबरला मंत्रिमंडळाने ही कामं तात्पुरती युवराज अकिहितो यांच्याकडे सोपवली आणि सरकारचा गाडा पुढे चालू लागला. कामापुरता प्रश्न तिथेच मिटला.

पण लोकांचं राजाशी नातं त्याच्या कामावरून ठरत नाही. तो किती वर्षं आपल्या आयुष्यात आहे, त्यावरून ठरतं. हिरोहितो २५ डिसेंबर १९२६ ला गादीवर आले. त्यांच्या नावाने युद्ध लढलं गेलं. १५ ऑगस्ट १९४५ ला रेडिओवरून शरणागती सांगणारा आवाज त्यांचाच होता. पुढे जगाला मोटारी आणि टीव्ही विकून जपान श्रीमंत झाला तेव्हाही गादीवर तेच होते. त्यांना देव मानून रणांगणावर गेलेला आजोबा, आणि त्यांना समुद्री जीवांचा अभ्यास करणारे एक चष्मिष्ट गृहस्थ म्हणून ओळखणारा नातू, एकाच घरात एकाच टीव्हीसमोर बसलेले असत.

त्यात जपानची आणखी एक भानगड आहे, कालगणनेची. तिथे प्रत्येक सम्राटाच्या कारकिर्दीला नाव असतं आणि वर्षं त्या नावाने मोजतात. हिरोहितोंचं युग ‘शोवा’. १९८८ म्हणजे शोवा ६३. सरकारी अर्ज, दाखले, वाहन परवाना, खिशातलं नाणं, सगळीकडे हेच साल. सम्राट गेला की युग संपतं आणि दुसऱ्या नावाने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात होते. त्यामुळे आजारपणाची बातमी वाचणाऱ्याच्या डोक्यात दोन गोष्टी एकदम चालायच्या: एक वृद्ध माणूस चालला आहे, आणि आपल्या जन्मतारखेतलं साल आता जुन्या जमान्यातलं होणार आहे. राजासाठी रडणारी सगळीच माणसं निव्वळ राजासाठी रडत नसतात.

सगळं सांगितलं, एक सोडून

हिरोहितोंना सुमो कुस्त्यांची भारी आवड. १८ सप्टेंबरला ते कुस्त्या बघायला जाणार होते, पण ताप आला आणि बेत रद्द झाला. १९ तारखेच्या रात्री त्यांना रक्ताची उलटी झाली. तिथून बातम्यांचं रूपच बदललं. राजघराण्याचा कारभार पाहणारं सरकारी खातं दररोज आकडे जाहीर करू लागलं: ताप किती, नाडी किती, रक्तदाब किती, श्वास मिनिटाला किती, रक्त किती चढवलं. एनएचके ही सार्वजनिक वाहिनी रात्रभर चालू राहू लागली. सोलचं ऑलिंपिक दोनच दिवसांपूर्वी सुरू झालं होतं, तरी लोकांच्या नजरा पडद्याच्या कडेला दिसणाऱ्या या आकड्यांकडे वळायच्या. राजवाड्याच्या दरवाजांपाशी वार्ताहर रात्रंदिवस उभे. आत कोणत्या डॉक्टरची गाडी गेली, किती वाजता गेली, हे टिपत. ‘गेकेत्सु’, म्हणजे आतड्यातला रक्तस्राव शौचावाटे बाहेर पडणं, हा डॉक्टरी शब्द घरोघरी ओळखीचा झाला. माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्या १११ दिवसांत सम्राटांना ३० लिटरहून जास्त रक्त चढवण्यात आलं, आणि त्याचाही हिशेब देशाला कळत होता.

एवढं सगळं सांगणाऱ्या खात्याने एक गोष्ट मात्र सांगितली नाही. आजाराचं नाव.

आदल्या वर्षी, एप्रिल १९८७ मध्ये, वाढदिवसाच्या मेजवानीतच सम्राटांना उलटी झाली होती. सप्टेंबरात पोटाची शस्त्रक्रिया झाली. जपानच्या सम्राटावर शस्त्रक्रिया होण्याची ही पहिलीच वेळ. त्याआधी सम्राटाच्या अंगाला सुरी लावायची कल्पनाही कुणी केली नसती. डॉक्टरांना आत कर्करोग सापडला. जाहीर केलं ते ‘स्वादुपिंडाला जुनाट सूज’ असं. यामागे निव्वळ दरबारी गुप्तता होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्या काळी जपानमध्ये कर्करोगाच्या रोग्याला रोगाचं नाव सांगायची पद्धतच नव्हती. डॉक्टर घरच्यांना सांगत आणि घरचे रोग्यापासून लपवत. इथे अडचण अशी की रोगी स्वतः वर्तमानपत्र वाचणारा आणि टीव्ही बघणारा. देशाला सांगावं तर त्याला कळणार. मग एका माणसापासून लपवण्यासाठी बारा कोटी लोकांपासून लपवलं. कर्करोग होता हे अधिकृतपणे सांगितलं ते सम्राट गेल्यावरच.

मला वाटतं, लोकांच्या त्या विचित्र अस्वस्थतेचं एक मूळ इथे आहे. समजा रक्तदाब आज ९० होता आणि उद्या ८४ झाला. याचा अर्थ काय लावायचा? रोग माहीत असेल तर डॉक्टर नसलेला माणूसही मनाची तयारी करू शकतो. रोग माहीत नसेल तर प्रत्येक आकडा हा शेवटचा असू शकतो. वर्तमानपत्रांनी या शेवटाला नावही ठेवलं होतं, ‘एक्स दिवस’. त्या दिवसाची पानं आधीच तयार होती. तारीख तेवढी टाकायची बाकी होती.

लपवालपवीत ब्रिटनही मागे नाही. १९५१ मध्ये राजे सहावे जॉर्ज यांचं एक फुप्फुस काढलं. ‘कर्करोग’ हा शब्द ना लोकांच्या कानी पडू दिला, ना राजाच्या. त्यांचे वडील पाचवे जॉर्ज यांची हकीकत तर अंगावर काटा आणते. २० जानेवारी १९३६ च्या रात्री त्यांचे डॉक्टर लॉर्ड डॉसन यांनी राजाचं आयुष्य शांतपणे अखेरीकडे चाललं असल्याचं निवेदन काढलं. ते रेडिओवरून देशाने ऐकलं आणि डोळे पुसले. पन्नास वर्षांनी, १९८६ मध्ये, डॉसन यांची टिपणं उजेडात आली. त्यांनीच मॉर्फीन आणि कोकेनचं इंजेक्शन देऊन मृत्यू लवकर घडवून आणला होता, आणि त्यामागचं एक कारण असं की बातमी संध्याकाळच्या फुटकळ पत्रांत येण्याऐवजी सकाळच्या प्रतिष्ठित ‘टाइम्स’मध्ये यावी! राजाच्या अखेरच्या श्वासाची वेळसुद्धा छापखान्याकडे बघून ठरली.

अलीकडे ही रीत सैल होते आहे. ८ सप्टेंबर २०२२ ला दुपारी साडेबाराच्या सुमारास एलिझाबेथ राणीच्या डॉक्टरांना तिच्या प्रकृतीची चिंता वाटते, एवढंच त्रोटक निवेदन निघालं, आणि लोकांनी त्या त्रोटकपणावरूनच ओळखलं. बीबीसीने नेहमीचे कार्यक्रम थांबवले. निवेदक काळा टाय लावून बसला. राजपुत्रांना घेऊन जाणारं विमान स्कॉटलंडकडे कसं सरकतं आहे, हे लोक मोबाइलवर बघत होते. साडेसहाला मृत्यू जाहीर झाला. मृत्यूच्या दाखल्यावर वेळ होती दुपारी ३ वाजून १० मिनिटं, आणि कारणाच्या रकान्यात दोनच इंग्रजी शब्द: ‘ओल्ड एज’, म्हणजे वृद्धापकाळ, बस्स. तिच्या मुलाने मात्र वेगळा रस्ता धरला. २०२४ च्या जानेवारीत तिसरे चार्ल्स यांनी प्रोस्टेटच्या उपचारांची बातमी स्वतःहून दिली, तेव्हा ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर त्या विकाराची माहिती बघणारे कित्येक पटींनी वाढले. फेब्रुवारीत कर्करोगही जाहीर केला. कुठला, ते नाही सांगितलं. अर्धंच दार उघडलं, पण उघडलं.

आपणच आपला आवाज दाबणं

जपानमध्ये त्या शरद ऋतूत जे घडलं त्याला ‘जिशुकु’ म्हणतात. ‘जि’ म्हणजे स्वतः, ‘शुकु’ म्हणजे आवरून राहणं. आपलं आपण आवरतं घेणं. मराठी माणसाला चटकन सुतक आठवेल, पण सुतक माणूस गेल्यावर लागतं आणि त्याचे दिवस मोजलेले असतात. इथे माणूस जिवंत होता. शोकाला मुदत असते, आजारपणाला नसते. हाच जिशुकुचा सगळ्यात जाचक भाग. लग्न पुढे ढकलायचं तर कितीने? जत्रा पुढच्या महिन्यात घ्यायची, आणि पुढच्या महिन्यातही तब्येत तशीच असेल तर?

शरद ऋतू हा तिथला जत्रांचा हंगाम. गावोगावच्या देवळांचे उत्सव, पालख्या, आतषबाजी, शाळांचे क्रीडादिन रद्द होऊ लागले. लग्नाचे थाटमाट कमी झाले. शुभप्रसंगी करतात तो लाल चवळीसारख्या दाण्यांचा तांबडा भात कुणी मागवेना. नव्या वर्षाच्या शुभेच्छापत्रांवर ‘आनंद’, ‘अभिनंदन’ अशा अर्थाची चिन्हं छापावीत की नाही, यावर लोक डोकं खाजवू लागले. ऑक्टोबरात चुनिची ड्रॅगन्स या बेसबॉल संघाने आपली लीग जिंकली. जपानमध्ये अशा वेळी खेळाडू एकमेकांच्या डोक्यावर बिअर ओततात. त्या वर्षी ओतली नाही.

हे घडतं कसं? एखाद्या गल्लीतली उत्सव समिती डोळ्यांसमोर आणा. पाचसहा माणसं. त्यांतलं कुणी कट्टर राजभक्त असेलच असं नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न ‘आपल्याला दुःख झालं आहे का’ हा नसतोच. प्रश्न असतो, ‘आपण ढोल वाजवत असताना नेमकी त्याच रात्री बातमी आली तर?’ उत्सव रद्द केल्याबद्दल कुणी तोंडावर बोलणार नाही. केला तर बोलण्याची शक्यता आहे. अतिउजव्या संघटनांच्या कर्णे लावलेल्या गाड्या दारात येऊन ओरडण्याची भीती तर खरीच होती. म्हणजे एका पारड्यात थोडी का होईना जोखीम, दुसऱ्यात काहीच नाही. आणि दुसरं पारडं रिकामं दिसतं, कारण त्यातलं नुकसान समितीचं नसतं. ते कंदील बनवणाऱ्याचं असतं, जत्रेत तळलेल्या नूडल्सचा गाडा लावणाऱ्याचं, मेजवानीचं काम धरणाऱ्या हॉटेलातल्या रोजंदारीवरच्या बाईचं. ते लोक बैठकीला नसतात. ठराव एकमताने मंजूर होतो.

मग शेजारच्या गल्लीला कळतं. आता तिची अडचण दुप्पट: दोघांनी रद्द केलं आणि आपणच तेवढे नाचलो तर? तिसऱ्या गल्लीला विचार करायचंही कारण उरत नाही. वरून हुकूम आला असता तर त्याला विरोध करता आला असता, निदान कुरकुर तरी. इथे विरोध करायचा कुणाला?

हे दुखणं जुनंच होतं. जुलै १९१२ मध्ये हिरोहितोंचे आजोबा, सम्राट मेइजी, मरणपंथाला लागले तेव्हा टोकियोतल्या सुमिदा नदीवरचा उन्हाळी उत्सव बंद ठेवण्यात आला. कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांनी रोजनिशीत त्यावर कडक टीका केली: सम्राटांच्या आजाराबद्दल सहानुभूती आहेच, पण त्यापायी उत्सव थांबवण्याची गरज नाही, यात हातावर पोट असलेली माणसं भरडली जातात. मला हे टिपण फार महत्त्वाचं वाटतं. सोसेकींना दुःख झालं नव्हतं असं नाही. दुःख खरं असणं आणि जत्रा बंद असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्यांनी रोखठोक लिहून ठेवलं.

ऑक्टोबर १९८८ मध्ये हेच जवळजवळ राजवाड्यातून सांगायची वेळ आली. अतिरेकी जिशुकु सम्राटांच्या मनाला रुचणार नाही, असं युवराज अकिहितो यांचं मत लोकांपर्यंत पोहोचवण्यात आलं. काही दिवस थोडा फरक पडला, पण लाट पूर्ण ओसरली नाही. आपण होऊन बसवलेलं भूत दुसऱ्याने उतरवून उतरत नाही.

‘जपानी माणसंच तशी’ म्हणून हे सोडून द्यायचा मोह होतो. तो आवरा. २०२२ मध्ये राणी गेल्यावर ब्रिटन सरकारने स्पष्ट सांगितलं होतं की कार्यक्रम रद्द करण्याचं बंधन कुणावरही नाही. तरी त्या शनिवार-रविवारी फुटबॉलचे सगळे सामने पुढे ढकलले, अगदी लहान पोरांचेसुद्धा. आणि त्याच शनिवारी ओव्हलवर कसोटी सामना सुरू झाला, खचाखच भरलेल्या मैदानात राष्ट्रगीत म्हणून. दोन खेळ, एक देश, एकच दुःख. एका सुपरमार्केटच्या साखळीने तर बिलाच्या काउंटरवरच्या यंत्राचा ‘बीप’ आवाज कमी केला. सेफिरोच्या जाहिरातीचं हे चुलत भावंडच.

मात्र सगळंच भीतीपोटी होतं असं म्हणून हात झटकणं हीसुद्धा लबाडी होईल. राजवाड्यापुढे आणि देशभर ठिकठिकाणी लवकर बरे व्हा म्हणून नाव नोंदवायची वह्या-टेबलं मांडली होती. लाखो लोकांनी रांगा लावून सह्या केल्या, पावसात छत्र्या धरून केल्या. तिथे सही केली नाही म्हणून कुणी जाब विचारणार नव्हतं. थायलंडमध्ये राजे भूमिबोल आजारी होते तेव्हा लोक गुलाबी कपडे घालून बँकॉकच्या सिरिराज रुग्णालयाबाहेर जमत. २००७ मध्ये ते याच रुग्णालयातून गुलाबी कोट घालून बाहेर पडले होते, त्यामुळे तो रंग त्यांच्या प्रकृतीला मानवतो अशी लोकांची श्रद्धा. १३ ऑक्टोबर २०१६ ला ते गेले. रात्रीपर्यंत तिथे गुलाबी गर्दी रडत होती, आणि पुढच्या दिवसांत काळे कपडे मिळेनासे झाले म्हणून लोक घरातले रंगीत कपडे काळ्या रंगात बुडवून काढू लागले. ७० वर्षं एकच राजा पाहिलेल्या देशात हे नाटक नव्हतं.

बोलायचं कुणी?

पण ज्याचं दुःख वेगळं आहे, किंवा नाहीच आहे, त्याने काय करायचं? हिरोहितोंच्या बाबतीत हा प्रश्न टोकदार होता, कारण त्यांच्या नावाने लढलेल्या युद्धाचा हिशेब अनेकांच्या मनात मिटला नव्हता. ब्रिटनमधल्या ‘सन’ या पत्राने आजारपणाच्या सुरुवातीलाच नरक या सम्राटाची वाट बघत असल्याचा मथळा छापला. जपानने निषेध नोंदवला. जपानी छावण्यांत कैदी म्हणून हाल सोसलेले ब्रिटिश सैनिक तेव्हा हयात होते. राजाच्या आजारपणाची बातमी सरहद्द ओलांडली की तिचा अर्थ असा पार उलटा होऊ शकतो.

जपानच्या आत हे कुणी बोलेना. ७ डिसेंबर १९८८ ला नागासाकीच्या नगरसभेत महापौर मोतोशिमा हितोशी यांना प्रश्न विचारला गेला आणि त्यांनी सरळ उत्तर दिलं: युद्धाची जबाबदारी सम्राटांवरही आहे, असं मला वाटतं. मोतोशिमा तसे पुराणमतवादी गोटातले, स्वतः सैन्यात काम केलेले. ज्या शहरावर दुसरा अणुबॉम्ब पडला त्याचे ते महापौर. त्यांच्याच राजकीय साथीदारांनी त्यांना दूर केलं, उजव्यांच्या गाड्या नागासाकीत घोंगावू लागल्या, आणि दुसरीकडून देशभरातून हजारो पत्रं आली, बहुतेक पाठिंब्याची. म्हणजे गप्प बसलेल्यांच्या पोटात बरंच काही होतं, फक्त पहिलं कुणी बोलायचं एवढाच प्रश्न होता. १८ जानेवारी १९९० ला एका अतिउजव्या माणसाने मोतोशिमांना पाठीत गोळी घातली. ते वाचले.

थायलंडमध्ये गप्प बसवायला कायदाच आहे. राजाची बदनामी केल्यास दंडसंहितेच्या कलम ११२ खाली तीन ते पंधरा वर्षं कैद. २००९ च्या ऑक्टोबरात राजाच्या तब्येतीच्या अफवांनी बँकॉकचा शेअर बाजार कोसळला, तेव्हा इंटरनेटवर त्याबद्दल लिहिल्यावरून काही जणांना अटक झाली. खरी माहिती मिळत नाही आणि अंदाज बांधणं हा गुन्हा, अशा कोंडीत लोक मग शेअरचे भाव, रुग्णालयाबाहेरच्या गाड्या, टीव्हीवरच्या निवेदिकेच्या पोशाखाचा रंग यांतून तब्येत वाचू लागतात. अफवा काही हवेतून येत नाही.

सात दिवसांचं वर्ष

७ जानेवारी १९८९ च्या सकाळी ६ वाजून ३३ मिनिटांनी हिरोहितो गेले. १९८९ म्हणजे शोवा ६४. ते साल अवघं सात दिवस टिकलं. त्याच दुपारी मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव ओबुची केइझो यांनी ‘हेइसेई’ असं लिहिलेली पाटी कॅमेऱ्यांसमोर धरली आणि ८ जानेवारीपासून हेइसेई १ सुरू झालं. शोवा ६४ ची कॅलेंडरं भिंतींवर नुकतीच चढली होती.

वाहिन्यांनी दोन दिवस जाहिराती बंद ठेवल्या आणि सम्राटांवरचे कार्यक्रम लावले. आणि लोक? व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणाऱ्या दुकानांपुढे रांगा लागल्या. फळ्या रिकाम्या झाल्या. १११ दिवस आवाज आवरून बसलेला देश घरी जाऊन, पडदे ओढून, सिनेमे बघत होता. यात मला अनादर दिसत नाही. राजवाड्यासमोर गुडघे टेकून रडणारे होते, कॅसेट नेणारे होते, आणि दोन्ही करणारेही असतीलच.

मुलाने काढलेला उपाय

हे सगळं अकिहितो बघत होते. गादीवर आल्यावर त्यांनी बदल केले ते हळूहळू. २००२ च्या अखेरीस त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला तेव्हा तो नावानिशी जाहीर झाला. २०१२ मध्ये हृदयाची बायपास झाली, तेही सांगितलं. २०१३ मध्ये ठरलं की आपल्यामागे दफन न करता दहन करावं, समाधी वडिलांच्या समाधीपेक्षा लहान असावी.

८ ऑगस्ट २०१६ ला ते टीव्हीवरून सुमारे ११ मिनिटं बोलले. वय ८२. सम्राटाला राजकारणावर बोलायची मुभा नाही आणि गादी सोडण्याची तरतूद कायद्यात नव्हती, त्यामुळे ‘मला निवृत्त व्हायचं आहे’ असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. म्हटलं ते असं: सम्राटाची प्रकृती गंभीर झाली की समाज ठप्प होतो आणि लोकांच्या जगण्यावर त्याचा परिणाम होतो, हे आपण पूर्वी पाहिलं आहे, शिवाय सम्राट गेल्यावर जवळजवळ दोन महिने चालणारे अंत्यविधी, वर्षभराचे संबंधित कार्यक्रम आणि नव्या सम्राटाचे विधी एकाच वेळी येऊन पडतात. हे टाळता येईल का, असा विचार मनात येतो.

दरबारी भाषेतलं इतकं सौम्य वाक्य, पण १९८८ ज्यांना आठवत होतं त्यांना ते लगेच कळलं. रीजंट, म्हणजे कारभार बघणारा पर्यायी माणूस, नेमण्याची सोय कायद्यात होतीच. खुद्द हिरोहितो १९२१ पासून आजारी वडिलांसाठी तेच काम करत होते. पण रीजंट सह्या करतो; सम्राट मरेपर्यंत सम्राटच राहतो आणि देश त्याच्या उशाशी बसून राहतो. अकिहितोंना नेमकं तेच नको होतं. लोकांनी त्यांची बाजू घेतली, जून २०१७ मध्ये संसदेने फक्त त्यांच्यापुरता खास कायदा केला, आणि ३० एप्रिल २०१९ ला ते पायउतार झाले. १८१७ नंतर जिवंतपणी गादी सोडणारे ते पहिले सम्राट.

युगाचं नवं नाव ‘रेइवा’ महिनाभर आधीच जाहीर झालं होतं. दहा दिवसांची सलग सुट्टी होती. त्या रात्री टोकियोत पाऊस पडत होता आणि शिबुयाच्या चौकात तरुण पोरं छत्र्या घेऊन नव्या वर्षासारखे आकडे उलटे मोजत होती. युग बदललं आणि कुणी मेलं नाही, हे जपानच्या आधुनिक इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं.

मे २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, वयाच्या ९१ व्या वर्षी, अकिहितो टोकियो विद्यापीठाच्या रुग्णालयात दाखल झाले. हृदयाला पुरेसं रक्त पोहोचत नसल्याची शंका होती. तपासण्या झाल्या, काय निघालं ते सांगण्यात आलं, काही दिवसांत ते घरी परतले. त्याच आठवड्याच्या शेवटी टोकियोत ‘कान्दा म्योजिन’ या देवळाची मोठी जत्रा होती, दोन वर्षांतून एकदा भरणारी. पालख्या निघाल्या, खांदेकऱ्यांनी रस्ता दणाणून सोडला, आणि आवाज कमी करा असं कुणी कुणाला म्हटलं नाही.